चेन्नईच्या देवळात बाबा हरवले, त्या दिवशी

खरं सांगायचं तर त्या देवळात मी रागातच गेले होते. माझ्या बाबांनी आयुष्यभर आमच्या गावी, वरवट बकालला, भाजीपाला पिकवला, पण आता आपण जेवलो की नाही हेही त्यांना आठवेना. माझे सोमवारचे उपास वाया गेले. चेन्नईला नोकरी करणाऱ्या दादानं आम्हाला बोलावून घेऊन बाबांना तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, हे आता असंच राहणार. दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेला आणि मी बाबांना घेऊन जवळच्या पुरातन शिवमंदिरात निघाले. म्हटलं, महादेवालाच जाब विचारू.

काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध ते शेकडो वर्षांचं देऊळ निवांत उभं होतं. गाभाऱ्यापुढे पुजारी विभूती देत होते. ती घ्यायला मी सवयीनं उजव्या हाताखाली डावा हात धरला, म्हणजे बाबांचा हात सोडला. कपाळाला लावून वळते तर बाबा नाहीत!

सगळं देऊळ पालथं घातलं. बाहेर खोल तलाव, पलीकडे वाहता रस्ता, त्यापुढे समुद्र. बाबांना दादाचा पत्ता सांगता येत नव्हता आणि मला तमिळ येत नव्हतं. शेवटी नंदीजवळ बसून मी रडत म्हणाले, "महादेवा, माह्याच्यानं नाही होत आता. तूच पाह्य त्यायले."

तेवढ्यात एका म्हातारीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तिला मोबाईलमधला बाबांचा फोटो दाखवला. ती बोलली त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण तिनं माझं मनगट धरलं आणि मला सरळ मागच्या दारानं भाजीबाजारात नेलं.

बाबा एका भाजीवालीशेजारी मांडी घालून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. ती बाई त्यांच्यापुढे चहा ठेवत होती. मला रडूच आवरेना.

"काऊन रडून राह्यली वं?" बाबा म्हणाले. "थांब जराशीक. हिचा सांबार सुकून राह्यला." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

मी त्या दोघींच्या पाया पडले. संध्याकाळी दादा म्हणाला, "गावी गेल्यावर दाराले कुलूप लावत जाय."

मी नाही लावलं. आजार आहे तिथंच आहे. पण बाबा रोज मळ्यात जातात, जुड्या बांधतात, आणि वाटेतलं कुणी ना कुणी त्यांना घरापर्यंत आणून सोडतं. त्यांना सांभाळणारी मी एकटी नाही, हे आता पटलंय. सकाळी ते दाराबाहेर पडले की मी हात जोडते आणि पोळ्या लाटायला बसते.