मंगळवारचं तेल

चेनच्या तेलाचा वास आला की कोथरूडच्या सोसायटीतलं ते पार्किंग आठवतं. नोकरी सुटून महिना झाला होता, घरी सांगितलं नव्हतं, आणि गावाहून येणाऱ्या वडिलांना आणायला स्वारगेटला जायचं होतं. हात स्वस्थ बसेनात, म्हणून मी बाइकचं मागचं चाक फिरवत चेनवर तेल सोडतच राहिलो. वरच्या गॅलरीतून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, गाडी चालवायचीय की तळायचीय?" तेल न पुसता तसाच निघालो. परत येऊन उतरल्यावर वडिलांनी पांढऱ्या पायजम्यावर उडालेले काळे थेंब निरखले. "मंगळवारी सकाळी एवढं तेल घालाया येळ हाय तुला? नोकरी गेली का रं?" आता नोकरी आहे, तरी तेलाची बाटली उघडण्याआधी मी वार बघतो.