रोह्याहून येणारी सोबत

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवते. देव मानते, पण आत्मा-बित्मा असल्या गोष्टींना कायम हसत आले. आता हसत नाही. घडलं ते जसंच्या तसं लिहिते...

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर माझ्या मिस्टरांना हार्ट अटॅक आला. डोलवीला कंपनीत कामावर असतानाच. तिथून थेट पनवेलच्या हॉस्पिटलात नेलं, दोन स्टेंट टाकले. बंद नसा उघडल्या, पण हृदयाचं पंपिंग जेमतेम तीस टक्के. डॉक्टर म्हणाले, "स्नायूचा बराच भाग मेलेला नाही, झोपलाय. रक्त मिळालं की जागा होईल बहुतेक. तीन महिन्यांनी इको करू. तोवर औषधं, थोडं थोडं चालणं — आणि टेन्शन अजिबात नको."

घरी आणलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्यांच्या मोबाईलवर रोह्याहून फोन आला. हे झोपले होते, मी उचलला. इस्माईलभाईंची मुलगी होती. इस्माईलभाई म्हणजे ह्यांचे वीस वर्षांचे शिफ्टमधले जोडीदार.

"चाची, अब्बा गेले... संध्याकाळी माती हाय. चाचांना सांगा."

"सांगते," म्हटलं. आणि नाही सांगितलं. तो कॉलही मोबाईलमधून पुसून टाकला. कामावरून भेटायला येणाऱ्यांनाही दारातच बजावलं, एवढ्यात ह्यांना कळू देऊ नका.

आठवड्याने हे सकाळचे चालायला लागले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी परत आले ते हसतच. "इस्माईल भेटला गो! सकाळच्या गाडीने आला. मला म्हणतो, घाई करू नको, दम खा."

मी कणीक मळत होते. हात तसाच परातीत राहिला. तोंडाशी आलं होतं — पण ते तीस टक्के आठवले आणि गप्प बसले.

मग ते रोजचंच झालं. आज इस्माईलने पुलापर्यंत नेलं, आज पार स्टेशनपर्यंत. एकदा मी लांबून मागोमाग गेले. हे एकटेच चालत होते. मधेच थांबायचे, बाजूला बघून मान हलवायचे, पुन्हा निघायचे. मी हाक न मारताच मागे फिरले.

तीन महिन्यांनी इको झाला. पंपिंग पन्नास! डॉक्टर खूश. त्या दुपारी घरी आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, ओरडतील. नाही ओरडले. फक्त विचारलं, "वार कुठला होता?"

"शुक्रवार."

"मूठभर माती तरी टाकली असती गो मी..." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तो रोज निघताना एकच विचारायचा — वैनी काय बोलली काय? मी म्हणायचो, कशाबद्दल? तर म्हणायचा, नाय, राहू दे. बोलेल."

दुसऱ्या दिवसापासून इस्माईलभाई आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही रोह्याला गेलो. मुलीने पाणी दिलं, ह्यांच्याजवळ बसली. तक्रार अशी केली नाही, सहज बोलून गेली — "चाचा, तुमच्यासाठी माती अर्धा तास थांबवली होती."

मी मान वर करू शकले नाही.

डॉक्टरांना नंतर विचारलं. म्हणाले, आजारपणात मन असे खेळ करतं. करत असेल. पण त्या फोनबद्दल ह्या घरात माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. मग ह्यांच्या मनाने तो प्रश्न आणला कुठून? मला एवढंच कळतं, की तीन महिने रोज सकाळी मला संधी मिळत होती... आणि मी पोळ्या करत होते.