करंजाच्या डहाळ्या

कात्रजच्या डोंगराखाली राहायला आलो तेव्हा मला वाटायचं, ऋतू तीनच असतात. इथे चौथा असतो, वणव्याचा. होळीच्या आसपास गवत पार वाळलेलं असतं आणि कोणीतरी काडी लावतंच. जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, अशी एक समजूत आहे. सिगारेटी टाकणारे दिवटे वेगळेच. धूर दिसला की आमच्या सोसायटीत आधी गच्चीवरून फोटो निघतात, मग राख पडेल म्हणून वाळत घातलेले कपडे आत येतात, आणि त्यानंतर कोणाला तरी वनखात्याला फोन करायचं सुचतं.

यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, निवृत्त झाल्यावर चढावर एक करंज लावला आणि खांद्यावरून पाणी नेऊन जगवला. पुढे यांची बायपास झाली. डॉक्टरांनी चढ बंदच केला होता, पण हे हुज्जत घालून करंजापर्यंतची परवानगी घेऊन आले. तिथवर जायचं, सावलीत बसून दम खायचा आणि उतरायचं. पाण्याचा कॅन अर्थातच माझ्याकडे. तेवढाच तुला व्यायाम, म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे, कारण त्या सावलीत बसलेला माणूस घरातल्यापेक्षा बरा वागायचा.

गेल्या चैत्रात आम्ही तिथे बसलेलो असतानाच वरच्या अंगाला गवत पेटलं. सोसायटीतली माणसं धावत वर आली. वणवा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझवतात. आमच्या कॅनभर पाण्याने काय होणार, कपाळ! पण चैत्रात त्या उतारावर हिरवं होतंच काय? सगळी बोडकी काटेरी झुडपं, आणि नुकती पालवी फुटलेला आमचा करंज. सगळ्यांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा यांच्याकडे.

"बघत काय बसलात? तोडा," हे म्हणाले, आणि पहिली फांदी स्वतःच ओढली.

डहाळी करपली की टाकायची, नवी तोडायची. आग बरीच वर अडली. खाली लोकांनी लावलेली रोपं सगळी वाचली. करंजापर्यंत तर वणवा पोचलाच नाही. झाड आम्हीच ओरबाडून संपवलं. उरला नुसता सोट. सगळे यांची पाठ थोपटत होते आणि मला सगळ्यांचा संताप आला होता, यांचासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅन भरला. करंज चिवट असतो, पाणी घालत राहिलं तर पुन्हा फुटेल, एवढं मलाही कळतं. हे खुर्चीतच बसून होते, बूट न घालता. चला ना, म्हटलं.

"तू जाऊन ये," हे म्हणाले. "तिथे बसायला आता सावली नाही. आणि न बसता खाली यायची माझ्यात ताकद नाही."