एका रस्त्यावरचे दोन सतरा

दगडावर ३१ लिहिलं होतं. वीस मिनिटांपूर्वी आम्ही एकतीसचाच दगड मागे टाकला होता. लिमये साहेबांनी मोटारसायकल थांबवली, चष्म्यावरचा चिखल रुमालाने पुसला आणि दगडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. तिथेही काही सोय नव्हती. दोन दिवस सूर्य दिसला नव्हता, त्यामुळे पूर्व कुठे आणि पश्चिम कुठे ते कळत नव्हतं. चारी बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी आणि तिच्यामधून जाणारा काळा रस्ता.

"वानखडे, आपण गोल फिरून आलो का?" साहेबांनी विचारलं.

"रस्ता सरळ आहे साहेब."

"मग मागे टाकलेला दगड पुढे येऊन कसा उभा राहिला?"

रस्ता दुसऱ्या कुणाचा असता तर मी साहेबांबरोबर नुसतं आश्चर्य करून मोकळा झालो असतो. पण रस्ता माझ्या ताब्यातला होता आणि ते दगडही मीच लावून घेतले होते.

गोष्ट साठच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतली. मी अकोल्याला सरकारी रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होतो. साहेब कागदावर रस्ता काढतात, मुकादम तो जमिनीवर करतो आणि मध्ये उभा राहून जो दोघांचंही ऐकून घेतो, तो ओव्हरसियर. तीन वर्षं झाली तरी मी टेंपररीच होतो. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात सरकारी नोकरी लागलेला मी पहिलाच, आणि वडिलांनी विहारात सगळ्यांना पोरगा कायम झाला असं आधीच सांगून टाकलं होतं. कायम होण्याच्या कागदावर सही करणार होते लिमये साहेब. ते पुण्याहून नवीन बदलून आले होते. दौरा झाल्यावर बघू, असं त्यांनी मला सांगितलं होतं. तेव्हा हा दौरा सुरळीत पार पडणं म्हणजे माझी भाकरी होती.

त्या काळी मैल गेले आणि किलोमीटर आले. जुने मैलाचे दगड उपटून नवे किलोमीटरचे लावायचा हुकूम निघाला. अकोल्याहून अंजनगावला जाणारा एक आडमार्ग होता, कच्चा, काळ्या मातीतला, सहासष्ट किलोमीटरचा. त्यावर मी दोन टोळ्या लावल्या. एक अकोल्याकडून, एक अंजनगावकडून. शून्य अकोल्याचं धरायचं, असं दोन्ही मुकादमांना चिठ्ठीत लिहून दिलं. पावसाळ्यापूर्वी दोघांचे निरोप आले की काम झालं. मग मी रस्ता शेवटपर्यंत सायकलने फिरून दाखला लिहायचा होता. 'समक्ष पाहिले, बरोबर आहे.' मी पंचवीस किलोमीटर गेलो, ऊन लागलं, कंटाळा आला, परत फिरलो आणि दाखला लिहून टाकला. दगड तो दगड, त्यात काय बघायचं, असं वाटलं होतं.

साहेबांचं मत असं की नाले पावसाळ्यातच बघायला पाहिजेत. उन्हाळ्यात सगळेच नाले साधू असतात, असं ते म्हणायचे. श्रावणात त्यांनी दौरा काढला. जीप गॅरेजमध्ये होती, म्हणून खात्याच्या दोन मोटारसायकली घ्यायचं ठरलं. पहिला मुक्काम चोविसाव्या किलोमीटरजवळच्या रेस्टहाऊसवर, दुसरा अंजनगावला, तिसरा अमरावतीला, चौथ्या दिवशी मूर्तिजापूरवरून घरी. आखणी माझ्याकडे होती आणि ती मी जीव ओतून केली. अंजनगावपर्यंत कुठेही पंप नव्हता. कोरड्या रस्त्यावर जेवढं पेट्रोल लागतं त्याच्या दुप्पट चिखलात लागतं, म्हणून दोन डबे बांधून घेतले. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, जास्तीचे प्लग, साखळीची कडी, दोरखंड. आणि दोन खुरपी. काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये जाऊन बसते, आणि फर्लांगभरात चाक फिरायचंच थांबतं. तेव्हा गाडी आडवी करून खुरप्याने माती काढावी लागते. यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी पुढचं मडगार्डच काढून ठेवायचं. मी माझं काढलं. साहेब म्हणाले, बिनमडगार्डची गाडी बरी दिसत नाही. पहिल्या दिवशी ते नऊ वेळा थांबले. दहाव्या वेळेला त्यांनी माझ्याकडे पाना मागितला. त्यानंतर दोघांचीही तोंडं सारखीच काळी झाली आणि बोलणं जरा मोकळं झालं.

दौऱ्यातलं मुख्य काम एकच होतं. रस्त्याकाठच्या एका गावाने अर्ज केला होता की किलोमीटर सतरावर नाल्याला रपटा हवा. रपटा म्हणजे नाल्याच्या तळाशी दगड-सिमेंटची पक्की फरशी. पाणी वरून वाहतं, पण बैलांचे पाय आणि गाडीची चाकं रुतत नाहीत. पहिल्या दिवशी आम्ही सतरावर थांबलो. तिथे नाला म्हणून जे होतं ते एखाद्या म्हशीने ओलांडलं तर तिला कळलंही नसतं. पाणी घोट्याएवढं. आसपास गाव नाही, माणूस नाही. साहेबांनी दोनदा अर्ज वाचला, दोनदा त्या चरीकडे बघितलं.

"लोक कशालाही अर्ज करतात," ते म्हणाले, आणि डायरीत लिहिलं, 'आवश्यकता नाही.' मलाही तो अर्ज चमत्कारिक वाटला. पण साहेबांनी लिहिलं म्हटल्यावर माझं डोकं तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पंचवीस, सव्वीस करत एकतीस आला. तिथे साहेबांनी बुटाचा चिखल दगडाच्या कडेला खरडला आणि आम्ही पुढे झालो. पुढचा दगड चौतीसचा निघाला. साहेब म्हणाले, मधले दोन पडले असतील. मी हो म्हणालो. मग तेहतीस आला. मग बत्तीस. साहेबांनी गाडी हळू केली. मग आला एकतीस, जिथून मी ही गोष्ट सुरू केली.

साहेबांनी होकायंत्र आणलं नव्हतं, मी तर ते कधी बघितलंही नव्हतं. रस्त्यात विचारायला माणूस नाही. आकडे उतरतायत म्हणजे आपण अकोल्याकडे तोंड करून चाललो आहोत, असं साहेबांनी अनुमान काढलं. ते तर्काला धरून होतं. कुठेतरी चिखलातून गाड्या काढताना तोंडं फिरली असतील. म्हणून आम्ही गाड्या वळवल्या. बत्तीस, तेहतीस, चौतीस असे आकडे चढायला लागले तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. मग पुढचा दगड एकतीसचा आला, आणि त्यापुढे तीस.

म्हणजे इकडून गेलं तरी आकडे उतरत होते आणि तिकडून गेलं तरी उतरत होते. साहेब इंजिनियर माणूस, गणितात पहिले आलेले. ते तिसाच्या दगडाजवळ कपाशीच्या बांधावर बसले आणि म्हणाले, "वानखडे, हा रस्ता कुठेच जात नाही."

मी मात्र परत एकतीसपर्यंत चालत गेलो. त्या दगडाच्या कडेला साहेबांच्या बुटाचा चिखल होता, तसाच ओला. आणि जिथून आम्ही गाड्या वळवल्या तो एकतीस स्वच्छ होता, त्याच्यावर चिखलाचं बोटही नव्हतं. एकतीस दोन होते. अंजनगावच्या टोळीने शून्य अंजनगावचं धरलं होतं. आणि एकतीस दोन असतील तर सतराही दोन होते. अर्जातला सतरा पुढे होता, आणि आम्ही भलत्याच सतरावर जाऊन 'आवश्यकता नाही' लिहून आलो होतो.

चालत परत येताना माझ्या मनात काय चाललं होतं ते आता या वयात सांगायला हरकत नाही. साहेब दौरा रद्द करायच्या बेतात होते. मी गप्प राहिलो तर आम्ही अकोल्याला परत जाणार. आठ दिवसांत मी गुपचूप आकडे बदलून घेणार. साहेब कायमच्या कागदावर सही करणार. कुणाला काही कळणार नाही. फक्त त्या गावाचा अर्ज बंद होणार, आणि आपला अर्ज का बंद झाला हे त्यांना जन्मात समजणार नाही. बोललो तर मात्र पहिला प्रश्न येणार की समक्ष पाहिलं असं कुणी लिहिलं होतं. मला वडिलांची आठवण झाली आणि त्यांचा रागही आला. विहारात एवढ्या लवकर सांगायची काय गरज होती, असं वाटलं. त्या एका किलोमीटरात मी दोनदा गप्प राहायचं ठरवलं.

साहेब गाडीला किक मारत होते. मी म्हणालो, "साहेब, रस्ता चुकला नाही. दगड चुकलेत. मी न बघता सही केली होती."

त्यांनी किक मारणं थांबवलं. मी सगळं सांगितलं, सतराचंही. ते ऐकत होते की नाही कळेना, कारण त्यांनी खुरपं घेतलं आणि चाकाची माती काढायला सुरुवात केली. चांगलं स्वच्छ होईपर्यंत काढली. मग म्हणाले, "चला. तो सतरा बघू."

तो सतरा बघायला दुपार झाली. नाला लांबूनच ऐकू आला. काठावर दहा-बारा माणसं बसली होती, झाडाखाली ओल्या फडक्यांनी झाकलेल्या विड्याच्या पानांच्या टोपल्या, आणि पलीकडच्या काठावर रिकामी बैलगाडी. पाण्यापलीकडे अंजनगावचा बाजार आणि इकडे पानमळे. पान दोन दिवस अडकलं की पिवळं पडतं आणि मग ते बकरीही खात नाही. सोनाबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली. पानमळा तिचाच होता आणि अर्जावर पहिला अंगठाही तिचाच होता. साहेब येणार असं कळल्यामुळे ती मंडळी कालपासून तिथे येऊन बसत होती.

"कालच येनार होते ना तुमी?" ती म्हणाली. "एवढा मोठा सतरा लिवला हाय दगडावर. तुमाले दिसला कसा नाही?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "दिसला," ते म्हणाले, "पण दुसरा."

तिला काही बोध झाला नाही आणि आम्ही तो करून दिला नाही. साहेब बूट काढून पाण्यात उतरले. कमरेपर्यंत गेले, काठीने तळ बघितला, पाण्याची खूण कुठपर्यंत चढते ते विचारलं. बाहेर येऊन डायरी काढली, कालची ओळ खोडली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं, 'रपटा अत्यावश्यक.' मग सहा माणसांनी दोन बल्ल्यांना टांगून आमच्या मोटारसायकली पलीकडे नेल्या. माझी आधी नेली, कारण ती मडगार्ड नसल्यामुळे हलकी असेल असं त्यांना वाटलं. साहेबांच्या गाडीलाही मडगार्ड नव्हतं, पण चिखलामुळे ते कुणाला दिसत नव्हतं.

अंजनगावच्या मुकादमाला मी संध्याकाळी गाठलं. शामराव नाव, मिशाळ, कामाला चोख. चिठ्ठी वाचली नव्हती का, म्हणून विचारलं.

"वाचली ना साहेब," तो म्हणाला. "पन रस्ता आमच्या चौकातून निघते. अकोल्याचं शेपूट म्हनून आमी कावून मोजाव?"

त्याच्यावर मी काय रागावणार. त्याने निदान प्रत्येक दगड हाताने लावला होता.

अमरावतीच्या मुक्कामी साहेबांनी मला बोलावलं. समोर माझी फाईल होती. ते म्हणाले, सही मी आजच केली असती, पण न बघता सही करणाऱ्याच्या कागदावर मी न बघता सही कशी करू. वर्षभर बघतो. माझी मान खाली गेली. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. घरी आल्यावर वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, वर्ष काय, जाते निघून. विहारात मात्र ते काही दिवस मागच्या रांगेत बसत होते, हे मला आईने नंतर सांगितलं. पुढच्या श्रावणात साहेबांनी सही केली.

आता राहिला दगड. दौऱ्यानंतरच्या हिवाळ्यात रपट्याची मंजुरी आली आणि मी टोळी घेऊन आकडे बदलायला निघालो. चौतीसचा बत्तीस केला, तेहतीस होता तो तसाच राहिला, बत्तीसचा चौतीस केला, असं करत सतरापर्यंत पोहोचलो. अकोल्यापासून तो एकोणपन्नासावा होता. दगडावर सोनाबाई बसली होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कागदात सतरा हाय ना?" तिने विचारलं.

"हो."

"मंग हा सतराच राहू द्या. उद्या तुमी इथं एकोनपन्नास लिहान अन् आमचा रपटा जाईन तिकडच्या सतराले."

मी साहेबांना जाऊन विचारलं. साहेबांनी मंजुरीचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, रपटा होईपर्यंत असू द्या. उन्हाळ्यात रपटा झाला. मी पुन्हा रंगाचा डबा घेऊन गेलो, तर म्हातारी म्हणाली की उद्या तो फुटला तर दुरुस्तीचा अर्ज कोणत्या नंबरने करायचा. मी रंगाच्या डब्याचं झाकण परत लावलं.

मी त्या भागात होतो तोवर त्या रस्त्यावर अठ्ठेचाळीसनंतर सतरा आणि सतरानंतर पन्नास होता. नवखा ड्रायव्हर तिथे गाडी थांबवून डोकं खाजवायचा. न बघता लिहिलेला आकडा खोडायला जावं, तोवर त्याच्या भरवशावर कुणीतरी राहायला लागलेलं असतं. दर वर्षी दाखला लिहायची वेळ आली की मी सहासष्ट किलोमीटर जायचो, सतरासमोर उभा राहायचो आणि मगच लिहायचो, समक्ष पाहिले. 'बरोबर आहे' मात्र त्यापुढे लिहीत नसे.