मैदानाकडे पाठ

"टिकत न्हाई हे," असं म्हणून म्हातारा आपली लोखंडी खुर्ची उचलायचा, मैदानाकडे पाठ करून ठेवायचा आणि तिच्यावर मांडी घालून बसायचा. आमच्या फुटबॉल क्लबचा घरचा एकही सामना त्याने चुकवला नाही आणि एकही पाहिला नाही.

तुमच्याही गावात असा एक असेलच. पाण्याची टाकी बांधली की ही गळणार, नवी एसटी सुरू झाली की ही बंद पडणार, असं सांगत हिंडणारा. असली माणसं लांबून गमतीची वाटतात. आमच्या वसमतचा हा नमुना मैदानाला अगदी लागून राहत होता आणि मी त्या मैदानावरच्या क्लबचा मॅनेजर होतो. मला त्याची कधी गंमत वाटली नाही.

क्लब काढला होता हळदीच्या एका व्यापाऱ्याने. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेल्या मला त्याने बोलावून घेतलं, गोव्याचा कोच आणला, पगारी खेळाडू घेतले. निम्मे बाहेरचे, निम्मे आपल्याच भागातले. राज्याच्या व्यावसायिक लीगमध्ये आमचं ते पहिलंच वर्ष. तळाला राहील तो संघ लीगबाहेर, असा नियम होता, आणि मालकाने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं की बाहेर पडलो तर क्लबला कुलूप. पोरांनी ते हसत ऐकलं. मला मात्र त्या दिवसापासून नीट झोप लागली नाही.

अडचण जागेची होती. हळद शिजवून झाली की आजूबाजूची घरं पिढ्यान्‌पिढ्या याच मैदानावर ती वाळत घालायची. आम्ही मैदान भाड्याने घेतल्यावर बाकीच्यांनी कुरकुर करत आपापली हळद शेतात नेली. म्हातारा हलला नाही. त्याला जागेची काही कमी नव्हती, नदीकाठी चांगली जमीन होती, पण माझ्या आज्याची हळद इथं वाळली म्हणून माझीही इथंच वाळणार, हा हेका. शेवटी मालकाने हात जोडून त्याला डावीकडच्या रेषेपलीकडची लांब पट्टी देऊन टाकली. मला विचारलं असतं तर मी वीतभरही दिली नसती.

लीगचे लोक मैदान तपासायला आले, तेव्हा याने त्यांना घरी नेऊन चहा पाजला आणि पलीकडच्या गोलाजवळ साप निघतो म्हणून सांगितलं. साप निघायचा, हे खरं. पण ते सांगायची ती वेळ होती का? आमचा पहिला सामना त्यापायी नांदेडला जाता जाता राहिला.

सामना सुरू झाला की पाठमोऱ्या खुर्चीतून त्याचं सुरू व्हायचं. आमच्या गोलकीपरला तो बुजगावणं म्हणायचा. कोचला शिट्टीवाला. एकदा मी तावातावाने जाऊन विचारलं की काका, बघायचं नाही तर येता कशाला? त्याने मान न वळवता दाताळ्याने हळद वरखाली केली.

"मी माझी हळद राखून राहिलो मास्तर. तुमी तुमचं पाहा."

चेंडू हळदीत गेला की खरा तमाशा. म्हातारा तो पायाखाली धरून बसायचा. पाहुण्या संघाची पोरं आर्जवं करायची, रेफरी शिट्ट्या मारायचा, हा आरामात तंबाखू मळायचा. कधी मात्र चेंडू आला तसा मागे न पाहता डोक्यावरून फेकून द्यायचा. आमचा डावा बॅक गौतम, जवळा बाजार गावचा, रोज त्याच बाजूला खेळायचा. तो एकदा मला म्हणाला की सर, आपण पुढं असलो की काका बॉल धरून ठेवतेत, मागं असलो की लगेच देतेत. मी त्याला झापलं. पाठ करून बसलेल्या माणसाला गोल कोणाचे झाले हे काय कळणार? आजही मी ते मानत नाही.

तसंही पुढे असण्याचे प्रसंग थोडेच आले. आम्ही हरत होतो, मधूनच एखादा सामना बरोबरीत सोडवत होतो, आणि दर वेळी जाताना खुर्ची काखेत मारून म्हातारा माझ्यासमोर ते एकच वाक्य बोलून जायचा. त्याला एकदा तोंडावर खोटं पाडावं, एवढीच माझी त्या वर्षी इच्छा उरली होती.

शेवटचा सामना घरचाच होता. बरोबरी झाली तरी आम्ही वाचत होतो. ऊन मी म्हणत होतं, सगळं गाव पलीकडच्या कडेला लोटलं होतं, आणि म्हातारा पट्टीभर हळद पसरून पाठमोरा बसला होता. दोन्हीकडे एकेक गोल झाला. शेवटची काही मिनिटं उरली, तेव्हा पूर्णा नदीच्या बाजूने काळंभोर आभाळ आलं, वारा सुटला आणि टपोरे थेंब पडू लागले.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. हळद वाळत असताना असं आभाळ आलं की रस्त्याने जाणारा माणूस हातातलं टाकून धावतो. हळद कोणाची, हे कोणी विचारत नाही. शिजवलेली हळद भिजली की काळवंडते, वर्षाची मेहनत जाते. आमची लेकरं चालायला लागतात तशी हे शिकतात.

गौतमने आभाळाकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं आणि रेषा ओलांडून धावला. त्याच्यामागे वसमतचा सेंटर बॅक, त्याच्यामागे शिरड शहापूरचा उजवा बॅक, अख्खं मैदान आडवं कापत. तिघंही हळद ढिगात ओढून ताडपत्री टाकू लागले. कोच गोव्याच्या भाषेत ओरडत होता, मी ओरडत होतो. रेफरीने खेळ थांबवला नव्हता.

आणि तेव्हा म्हातारा उठला. सबंध मोसमात पहिल्यांदा त्याचं तोंड मैदानाकडे झालं. दाताळं उगारून तो गौतमच्या अंगावर गेला.

"मागं फिरा मेल्याहो! काहून आले इकडं? बॉल तिकडं हाय!"

"भिजंल की काका," गौतम ताडपत्री ओढत म्हणाला.

"भिजू दे! माझी हाय, भिजू दे!"

त्याने गौतमला दंडाला धरून रेषेच्या आत ढकललं. तोवर पाहुण्यांनी मोकळ्या मैदानातून चेंडू नेला होता. आमचा गोलकीपर एकटा पुढे धावला, पडला, आणि गोल झाला. पाऊस तेवढाच होता. रेफरीची शेवटची शिट्टी वाजली तेव्हा ऊन पडलं होतं. एक हळकुंडही भिजलं नव्हतं.

खेळाडूंच्या खोलीत बाहेरची पोरं आमच्या तिघांच्या अंगावर धावली. कोचने बाटली भिंतीवर फेकली. मी गौतमला विचारलं, तर तो म्हणाला की सर, कळलंच न्हाई, पाय गेले. त्याच्यावर मला रागावता आलं नाही. मी स्वतः हळदीच्याच घरात वाढलो आहे. पण म्हाताऱ्याने त्या पट्टीवर अडून बसायचं काय कारण होतं? हळद शेतात वाळली असती तर आम्ही आज लीगमध्ये असतो. हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आताही म्हणतो.

मालक शब्दाचा पक्का निघाला. कुलूप लागलं, कोच गेला, बाहेरची पोरं बॅगा उचलून एसटीत बसली.

काही दिवसांनी म्हाताऱ्याच्या गड्याने त्या तिघांच्या घरी एकेक पोतं हळद टाकली आणि एक माझ्या दारात. निरोप म्हाताऱ्याच्याच शब्दांत आणला होता: "क्लब देऊन कमावली तुमी. आता तुमीच खा." मी पोतं परत नेऊन टाकायला निघालो, तर बायकोने दार अडवलं आणि तेच पोतं दळायला पाठवलं. म्हातारा श्रावणात गेला. मी मातीला गेलो, सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. त्या निरोपानंतर त्याने म्हणे शेवटपर्यंत क्लबचं नाव काढलं नाही. काढायला हवं होतं. टिकत न्हाई, हे त्याचं एकच वाक्य खरं ठरलं होतं आणि ते ऐकवायला तो माझ्या दारात आला नाही, याचा मला अजून राग आहे.

यंदा पुन्हा हळदीचे दिवस आलेत. मैदान आता मोकळं आहे, कोणीही कुठेही हळद पसरतं. ती डावी पट्टी मात्र रिकामी आहे. संध्याकाळी आपल्या भागातली पोरं उरलेल्या जागेत खेळतात आणि सवयीने मीही जातो. परवा गौतमचा फटका चुकला आणि चेंडू त्या पट्टीत जाऊन थांबला. गौतम रेषेशी धावत आला आणि तिथेच उभा राहिला. आत जाईना. काही ऐकू येईल म्हणून तो थांबला होता, आणि खरं सांगायचं तर मीही थांबलो होतो. शेवटी म्हाताऱ्याच्या वाटणीची शिवी मीच हासडली, तेव्हा कुठे तो आत गेला.