मोहित्यांचा राजा, अंबूबाईंची चावी

लालासाहेब चहा बशीत ओततात, गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतात, मग परत कपात ओतून कपानं पितात.

परत आलेलं पुस्तक आधी नाकाला लावतात. "लसूण. म्हंजे वाचलंय. सैपाक करता करता वाचलंय."

वाचनालय बंद करताना पंख्याला म्हणतात, "बस आता."

वडीलधाऱ्याचा फोन आला की उभे राहून बोलतात. चुकीचा नंबर असला तरी आवाज वयस्कर वाटला तर उभेच.

माणसाचं नाव विसरतात, घर विसरत नाहीत. रस्त्यात कुणीही भेटलं की विचारतात, "तुमी चिंचेच्या बोळातल्या निळ्या दाराच्या घरातलं न्हवं?" माणूस हो म्हणतो. नाव त्यांना लागतच नाही.

ही शेवटची सवय मला साधी वाटली होती. तिनं पुढं एवढा गोंधळ घातला.

लालासाहेब आष्ट्यातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. वय पन्नाशीच्या आसपास. वाचनालयाच्या मागं एक हॉल आहे. त्याच्या पाटीवर 'कला केंद्र' असं लिहिलंय. आत लाकडी रंगमंच आहे, प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि एक पेटी आहे. पेटीच्या काही पट्ट्या वाजतात. मे महिन्यात या हॉलमध्ये मुलांचं शिबिर असतं. सकाळी चित्रं, मातीकाम, गाणी. संध्याकाळी नाटकाची तालीम.

मी सांगलीत मराठी घेऊन बी.ए. केलं. घरी बसलो होतो. लालासाहेबांनी मदतीला बोलावलं. "तू साहित्यातला हायस गड्या. माझं नाटक बघ."

नाटक त्यांचंच आहे. एक राजा रुसून खोलीत बसतो आणि आतून कुलूप लावतो. चावी हरवते. राणी विनवते, प्रधान धमकावतो, खिडकीबाहेरचं झाडसुद्धा समजूत घालतं. राजा आतून सगळ्यांना उलट उत्तरं देतो. शेवटी कुलूपवाली येते, दार उघडते आणि राजा बाहेर येतो. मला नाटक आवडलं. मी शेवट विचारला नाही. दार उघडतं हा शेवट मला पुरेसा वाटला.

लालासाहेब हे नाटक दर उन्हाळ्यात बसवतात. ते कधीच शेवटापर्यंत गेलेलं नाही. कारण मे महिना. मे महिन्यात आष्ट्याची मुलं मामाच्या गावाला जातात आणि बाहेरची मुलं मामाकडे आष्ट्याला येतात. राजाचं पाठांतर होतं आणि राजाला न्यायला त्याचे वडील येतात. राणी एसटीत बसून शिराळ्याला जाते. एका वर्षी नुसता प्रधान उरला होता. तो रिकाम्या रंगमंचावर दाराला धमकावत होता.

यंदा वाचनालयाच्या अध्यक्षांनी, आप्पासोंनी, स्पष्ट सांगितलं. एका क्लासवाल्यानं हॉल मागितला होता. जूनपासून त्यात बारावीच्या बॅचेस बसणार होत्या.

"लालासाहेब, पोरांसाठी म्हणून हॉल अडवून बसलाय तुमी. यंदा एक अख्खं नाटक करून दावा. सुरवातीपासनं शेवटापातूर. मग हॉल तुमचा. न्हाईतर क्लासवाल्याला चावी देतो."

"करतो."

"दरसाल म्हणताय."

लालासाहेब त्या दिवशी चहाकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, "जत्रंत पालखीला खांदा द्यायला कधी माणूस कमी पडलाय?"

"नाही."

"का न्हाई?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"कारण मान घराचा असतोय. पैला खांदा ह्या घराचा, दिवटी त्या घराची. घरात कोण का आसंना, उठून येतोय. माणूस येतोय, जातोय. घर कुठं जातंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी भूमिका मुलांना दिल्या नाहीत. घरांना दिल्या.

राजा मोहित्यांना. प्रधान आप्पासोंच्या घराला. झाड गावड्यांना. कुलूपवाली अंबूबाईंच्या घराला. लालासाहेब स्वतः घरोघरी गेले, उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि सांगितलं. मी सोबत होतो. मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. मोहित्यांच्या सुनेनं राजाला हळदकुंकू लावलं. म्हणजे कागदी मुकुटाला लावलं.

पहिला आठवडा उत्तम गेला. मोहित्यांचा पुण्याचा भाचा राजा होता. तो गेला. त्याच दिवशी कराडचा भाचा आला आणि चहा पिऊन तालमीला हजर झाला. राजाची वाक्यं त्याला घरातच पाठ करून मिळाली होती. गावड्यांच्या झाडाचंही तसंच झालं. लालासाहेब खूश होते. "बघ गड्या. घर पाठ करतंय."

मग भाचे संपले.

मोहित्यांकडे मुलगा उरला नाही. मी म्हणालो, राजा दुसऱ्या घराला देऊ. लालासाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी जणू कुणाची जमीन दुसऱ्याच्या नावावर करायला सांगत होतो.

संध्याकाळी मोहित्यांचा जावई अमृत तालमीला आला. फौजेत हवालदार आहे, सुट्टीवर आला होता. उंची सहा फूट, मिशा. तो दारात ताठ उभा राहिला.

"राजा म्हणून रिपोर्ट करायला सांगितलंय सासूबाईंनी. ऑर्डर काय हाय?"

"रुसायचं," लालासाहेब म्हणाले.

"रुसायला जमतंय. जावईच हाय मी."

गावड्यांकडून झाड म्हणून बिरदेव आजोबा आले. आयुष्यभर मेंढरं राखलेली. काठीवर हनुवटी टेकवून ते जे उभे राहिले ते तालीम संपेपर्यंत हलले नाहीत. मी विचारलं, "आजोबा, पाय दुखत नाहीत?"

"झाडाला इचारतोस व्हय रं?"

राणीचा मान ज्या घराला होता तिथं राणीचे काकाच उरले होते, म्हणून राणी तेच झाले. ते रोज दाढी करून येऊ लागले. प्रधान स्वतः आप्पासो झाले, कारण त्यांचे नातू गोव्याला गेले होते. तक्रार करायचीही पंचाईत झाली. तरी एकदा त्यांनी केलीच.

"लालासाहेब, आवं, बालनाट्य हाय न्हवं हे? हितं एकबी बाल न्हाई."

"तुमच्या घरातला पाठवा की."

"घरात मीच हाय."

"मग तुमीच बाल."

मान नसलेल्या घरांतली उरलेली चार मुलं खुर्च्यांवर बसून तालीम बघायची. मोठे चुकले की ओरडायची. मी साहित्याचा पदवीधर. मी खुर्च्या लावत होतो.

अंबूबाईंच्या घरात नात सोनम होती. ती कुलूपवाली. पुठ्ठ्याची मोठी चावी तिनंच केली, वर चांदीचा कागद लावला. मग सोनम आत्याकडे उंब्रजला गेली. दुसऱ्या दिवशी अंबूबाई स्वतः आल्या. सत्तरीच्या, पण आवाज खणखणीत. वाक्य एकच होतं, "राजा, बाजूला हो, दार उघडतेय." त्या ते अशा म्हणायच्या की अमृत आतल्या आत दोन पावलं मागं सरायचा, आणि तालीम तिथंच संपायची. जत्रेत मानाची वस्तू मानकऱ्याच्या घरी राहते. म्हणून तालीम झाली की अंबूबाई चावी घरी नेऊन देव्हाऱ्याशेजारी टांगायच्या.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. माणसं आपापल्या घराचं नाटक बघायला आली होती. क्लासवालाही आला. त्यानं खिशातून टेप काढून मागच्या भिंतीचं माप घेतलं.

नाटक सुरू झालं. राणीच्या काकांनी विनवलं. बायकांनी डोळे पुसले. आप्पासोंनी दाराला अशी धमकी दिली की त्यांच्या पुतण्यांनी शिट्ट्या वाजवल्या. बिरदेव आजोबांनी झाड म्हणून समजूत घातली आणि नाटकात नसलेलं एक वाक्य टाकलं. "भाईर ये बाबा, ऊन उतारलंय." त्यालाही टाळ्या पडल्या. लालासाहेब विंगेत माझ्या शेजारी होते. त्यांचे ओठ सगळ्यांची वाक्यं म्हणत होते. नाटक कधीच एवढं पुढं गेलं नव्हतं.

मग कुलूपवाली यायची वेळ झाली. अंबूबाई आल्या नाहीत.

मी धावत त्यांच्या घरी गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीला उंब्रजला कळा सुरू झाल्या, दुपारच्या गाडीनं गेली म्हातारी. मी खिडकीतून बघितलं. देव्हाऱ्याशेजारी पुठ्ठ्याची चावी लटकत होती.

मी परत येऊन सांगितलं. रंगमंचावर सगळे आपापल्या जागी थांबले होते. दारामागून अमृतचा आवाज आला. "आतनं मीच उघडू काय?"

"न्हाई!" अख्खा हॉल ओरडला.

"कडेनं चालत येऊ? दाराला भिंतच न्हाई."

"गप बस जावई," अमृतच्या सासूबाई म्हणाल्या.

मी लालासाहेबांना हळूच म्हणालो, "मी होतो कुलूपवाली. एकच वाक्य आहे."

हे पहिल्या रांगेत ऐकू गेलं. एक माणूस उठून उभा राहिला. "तुमचं घर कुठलं?"

"वरच्या पेठेतलं."

"मग तुमचा काय संबंध? मान अंबूबाईंचा हाय."

दोघे म्हणाले, घराचं कुलूप फोडून चावी आणू. बिरदेव आजोबा झाडाच्या जागेवरूनच म्हणाले, "खरं कुलूप फोडायचं, अन् पुठ्ठ्याची चावी आणायची. लय हुशार."

माणूस जातो, घर कुठं जातंय, हे लालासाहेबांचं वाक्य. घराला कुलूप लागू शकतं हे त्यांनी धरलंच नव्हतं. त्यांनी अंबूबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अंबूबाई, दार ऱ्हायलंय."

"मुलगी झाली!" अंबूबाई ओरडल्या. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. राणीच्या काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"ब्येस झालं. पर दाराचं काय करू? दुसऱ्या कुणाकडनं..."

"आँ? दुसऱ्या कुणाचा हात लागला तर बघा. मी आल्यावर उघडंल."

"कवा येताय?"

"बारसं झालं की बघू."

"अन् तवर राजा?"

"बसंल की आत. कोण खातंय त्याला."

फोन बंद झाला. क्लासवाला उठला आणि आप्पासोंना म्हणाला, "म्हणजे नाटक पूर्ण झालं नाही. बरोबर?"

आप्पासोंच्या डोक्यावर प्रधानाची पगडी होती. त्यांनी दाराकडे बघितलं, पुतण्यांकडे बघितलं. मोहित्यांच्या घराकडे, गावड्यांच्या घराकडे बघितलं. सगळी घरं त्यांच्याकडे बघत होती. मला वाटतं, त्या क्षणी ते अध्यक्ष राहिले नव्हते.

"पूर्ण न्हाई," ते म्हणाले. "पर मोडलंबी न्हाई. पालखी वाटंत थांबली म्हणून कोण घरी जातंय का? दार उघडंपातूर ह्यातली एक फळीबी हलवायची न्हाई. उघडलं की हॉल लालासाहेबांचा."

"आणि नाही उघडलं तर?"

"मग बघू."

टेपवाला माणूस गेला. पण दर आठवड्याला फोन करतो.

जून निम्मा झाला. नेपथ्य तसंच उभं आहे. वाचक राजाच्या दरबारात बसून पेपर वाचतात. बारसं झालं आणि अंबूबाई परत आल्या, तेव्हा अमृतची सुट्टी संपली होती. मोहित्यांकडे त्याच्या सासूबाई होत्या. त्या राजा व्हायला तयार झाल्या, तोवर गावडे मेंढरं घेऊन रानात गेले. झाडाशिवाय दार उघडायला बिरदेव आजोबांच्या भावकीनं हरकत घेतली. लालासाहेब रोज संध्याकाळी सायकलवरून घरं मोजत फिरतात. कुठं दिवा आहे, कुठं कुलूप आहे.

परवा ते धापा टाकत आले. "गड्या, येत्या रविवारी समदी हायत. समदी घरं उघडी हायत. आप्पासो बी."

मला आनंद झाला. त्यांच्यासाठी खरंच झाला. मी खुर्च्या पुसायला घेतल्या. पुसता पुसता सहज विचारलं, "दार उघडल्यावर राजा बाहेर येऊन काय म्हणतो?"

लालासाहेबांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसली.

"म्हणजे काहीतरी म्हणत असेल ना. एवढे सगळे बोलावतायत त्याला."

"तिथवर कधी गेलोच न्हाई की," ते म्हणाले. "लिवायचं ऱ्हायलंय."

त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि दरबारातल्या एका खुर्चीवर बसले. वर 'राजा' लिहिलं. पुढं दोन टिंबं दिली.

आज शुक्रवार आहे. अजून तेवढंच झालंय.