पानामागच्या ओळी

मला जुन्या वस्तूंचा मुळातच राग. बंद पडलेला मिक्सर आमच्या घरात तीन दिवस टिकत नाही, चौथ्या दिवशी भंगारवाल्याच्या गाड्यावर असतो. त्यामुळं लोकांच्या वेबसाइटी सांभाळायचा धंदा मला बरोबर मानवला. तिथं जुनं ते काढ, नवं ते घाल, हेच काम. संभाजीनगरात उस्मानपुऱ्याला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. हिमरू शालीवाले, वेरूळच्या वाटेवरचे लॉजवाले, पैठणीवाले, अशी माझी गिऱ्हाइकं. आणि या सगळ्यांत एक पान असं, ज्यावर विकायला काहीच नाही. ते मामांचं पान.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. दौलताबादच्या किल्ल्याखाली एका वस्तीवर राहणारे, मेंढपाळाच्या घरातले, जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून ड्रेसर म्हणून रिटायर झालेले गृहस्थ. डॉक्टर सुई टोचून मोकळे होतात. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि लाथ खायची, हे ड्रेसरचं काम. नऊ वर्षांपूर्वी ते पिशवी काखेत मारून ऑफिसात आले आणि म्हणाले, "पोरी, मेंढरांच्या दुखण्याखुपण्याचं लिवायचंय मला. पुस्तक कोण वाचतंय रानात? मोबाइल समद्यांकडं हाय."

मी त्यांना एक साइट करून दिली आणि लिहायला शिकवलं. त्यांनी तिचं एकच लांबच लांब पान केलं. खुरी म्हणजे खुरं सडायचा रोग, पोटफुगी, गोचीड, सगळं एकाखाली एक. नवं काही कळलं की ते जिथलं तिथं मध्येच घुसवायचं. मी दहादा सांगितलं, "मामा, वेगवेगळी पानं करा." ते म्हणायचे, "व्हय व्हय, करू की," आणि पुन्हा त्याच पानात लिहायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात मी सफाई काढली. लिहिण्याची जुनी खिडकी, म्हणजे जुना एडिटर, मी सगळ्यांच्या साइटींवरून उपटून टाकला. जुन्या एडिटरमध्ये सगळा मजकूर सलग असतो, वहीच्या पानासारखा. नव्यात प्रत्येक परिच्छेद वेगळ्या चौकोनात बसतो. एक बटण दाबलं की जुना मजकूर आपोआप चौकोनांत पडतो. एका दिवसात सगळी पानं रूपांतरित केली, वर स्वतःवर खूश होऊन कचोरी मागवून खाल्ली.

तिसऱ्या दिवशी मामांचा फोन. "पोरी, माझं लिवलेलं गेलं की गं."

मी इकडं पान उघडलं. सगळं जागच्या जागी. "मामा, काही गेलेलं नाही. मी समोर बघतेय."

"लोकांना दिसतं ते हाय. माझं मागचं गेलं."

मला वाटलं, झालं, म्हातारपण. "मामा, नवं आलंय, जरा शिका ना. किती दिवस तेच धरून बसणार?" असं म्हणून मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नव्हतं, हे कबूल करायला हवं.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन. आवाज एकदम पडलेला. "फोनवर नाय सांगता येत, पोरी. तू ये. मामी जेवंना झाली."

मामी जेवत नाहीत आणि त्याचा माझ्या एडिटरशी काय संबंध? पण तो आवाज ऐकून मी हातातलं काम टाकलं. स्कूटी काढली आणि छावणी, पडेगाव करत दुपारी वस्तीवर पोचले.

ओट्यावर बाजेवर मामी बसल्या होत्या. दिवाळीत त्यांना लकवा मारला होता, एवढं मला माहीत होतं. भेटायला जाईन जाईन म्हणता गेले नव्हते. उजवी बाजू लुळी, आणि वाचा गेलेली. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेली, रानाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवणारी बाई ती. मला पाहून त्यांनी डाव्या हातानं बाजेच्या लाकडावर चापट मारली. ती चापट स्वागताची नव्हती, एवढं कळण्याइतकी मी शहाणी आहे.

मामांनी लॅपटॉप पुढं ठेवला आणि सांगायला लागले. या पानावरची निम्म्याहून जास्त औषधं मामींची. बाकीची रानोमाळ भेटलेल्या लोकांची. पण आमच्याकडं एक चाल आहे. झाडपाल्याचं औषध कुणी सांगितलं ते उघड करायचं नाही. नाव फुटलं की औषधाचा गुण गेला. मामा सरकारी दवाखान्यात राहिलेले, त्यांचा या गोष्टीवर पुरता विश्वास नव्हता, पण सांगणाऱ्यांचा होता. शब्द दिलेला होता. मग त्यांनी काय केलं, तर औषध पानावर लिहिलं, आणि कुणी सांगितलं, कुठं सांगितलं, कसं सांगितलं, हे पानाच्या मागं लपवून लिहिलं.

"लपवून म्हणजे कसं?"

"तूच दावलं न्हवं का! माझा फोन नंबर बदलला तवा. म्हणलीस, जुना नंबर खोडू नका, आजूबाजूला ह्या खुणा टाका, म्हंजी लोकांना दिसत नाय, आपल्यालाच दिसतो."

अगं आई गं! खरंच दाखवलं होतं. जुन्या एडिटरमध्ये पानाची उलटी बाजू बघायची एक सोय असते, तिथं चार खुणा टाकल्या की ती ओळ वाचणाऱ्याला दिसत नाही. मी दोन मिनिटांत दाखवून विसरून गेले. हा माणूस नऊ वर्षं त्या खुणांमध्ये लिहीत बसला होता. आणि माझ्या त्या एका बटणानं चौकोन करताना असल्या लपलेल्या ओळी सरळ गाळून टाकल्या होत्या.

"मामींनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिवायचो," मामा म्हणाले. "तिच्याच बोलीत. वाचा गेल्यापास्न रोज थोडं थोडं वाचून दावतो तिला. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणल्या, तिच्या वळखीचं बोलणं तिच्या कानावर पडू द्या. आधी नुसती बघायची. मग मान हलवाया लागली. त्या दिवशी खुरीचं वाचत व्हतो तर अशी चापट मारली बाजेवर! तोंड उघडलं. काय तरी म्हणायचं व्हतं तिला. शब्द येईना. लई दमली. म्हणलं, उद्या परत तिथनंच वाचू. उद्या उघडलं तर ओळच नाय."

त्या दिवसापासून मामी ताटाला हात लावत नव्हत्या. चहा तेवढा घ्यायच्या. मामांनी आठवून आठवून सांगून पाहिलं, त्या नाही नाही अशी मान हलवायच्या. लोकांना दिसणारा मजकूर वाचून दाखवला, तर तोंड फिरवून बसायच्या. तो मामांच्या दवाखानी भाषेतला. नेमके स्वतःचे शब्द ऐकल्याशिवाय त्यांना जे सांगायचं होतं ते सुचत नव्हतं, आणि ते शब्द जगात आणखी कुठंच नव्हते. कुणी त्यांचा आवाज कधी टेप केला नव्हता.

 मामांचं बोट स्क्रीनवरच्या अपडेटच्या, म्हणजे पान सेव्ह करायच्या, बटणाजवळ गेलं. "तवापास्न तीनदा दाबून बघितलं. म्हणलं, येतंय का माघारी. अजून एकदा दाबू का?"

"हात लावू नका!" मी एवढ्यानं ओरडले की दावणीची शेळी उठून उभी राहिली.

कारण मला एकदम आठवलं. पान प्रत्येक वेळी सेव्ह केलं की सिस्टीम त्याची एक प्रत मागं ठेवते. जागा वाचावी म्हणून मी शहाणीनं मर्यादा घातली होती: पाचच प्रती. सहावी आली की सगळ्यात जुनी आपोआप पुसली जाते. मी रूपांतर केलं ती एक. मामांनी तीनदा दाबलं, त्या तीन. झाल्या चार. मूळ मजकुराची असली तर ती पाचवी, अगदी काठावरची. बॅकअप म्हणाल तर तो आठवड्यातून एकदा होतो, जुन्यावरच नवा चढतो, आणि तो रूपांतरानंतरच झालेला. मामांचं बोट आणखी एकदा पडलं असतं, तर मामींचं सगळं बोलणं कायमचं गेलं असतं, आणि ते मी घालवलं असतं.

आधी जुना एडिटर परत बसवला. मोबाइलच्या नेटवर, ओट्याच्या एका कोपऱ्यात रेंज येते तिथं उकिडवी बसून. ज्याला मी कचरा म्हणाले होते त्याची ती निळी पट्टी सरकताना बघत मी देवाला काय काय कबूल केलं, ते इथं लिहीत नाही. मग जुन्या प्रतींची यादी उघडली. एक, दोन, तीन, चार. आणि सगळ्यात खाली पाचवी. तिच्यावर बोट ठेवलं, परत आण म्हटलं, आणि पानाची उलटी बाजू उघडली.

आम्हा इथल्या लोकांना थक्क व्हायची सवय नसते. पाहुणे आले की त्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायला न्यायचं, पार्किंगवाल्याशी भांडायचं आणि घरी यायचं. पण त्या ओट्यावर मी थक्क झाले.  लोकांना दिसणारं पान होतं त्याच्या दुपटीनं मोठं मागचं पान होतं. नऊ वर्षं मी त्याच्यावरून ये-जा केली आणि मला पत्ता नव्हता.

'सांगणारा: फर्दापूरच्या बाजारातला म्हातारा, एका डोळ्यानं अधू. तीन मेंढरांवर करून बघितलं. दोन उठली, एक गेलं.' पुढं: 'हे माझं चुकलं. पानावरनं काढलं. इथं राहू दे, म्हंजी परत चुकणार नाय.' आणखी पुढं: 'सांगणारी आता वारली. तिच्या लेकाला औषध ठावं नाय. त्याला सांगून आलो.' शिकलेली, मोठमोठ्या पदांवरची माणसं मी पाहिलीत. स्वतःची चूक कुणालाच दिसणार नाही अशा जागीसुद्धा लिहून ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता. तो माझ्यापासून दोन हात अंतरावर बसून धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत होता. आणि याला मी फोनवर म्हणाले होते, जरा शिका ना.

आणि मग 'घरची'. ओळीओळीला 'घरची'. 'घरची म्हणाली, कोकरू थंडीनं काकडलं तर चुलीम्होरं धरू नगं, पदराखाली धर.' 'घरची म्हणाली, डाक्टरला इचार, पर आधी मेंढीला इचार.' मी वाचत गेले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मामी माझ्याकडं बघत होत्या. या वेळी चापट नाही मारली.

"आलं का?" मामांनी विचारलं.

"सगळं आलं, मामा."

त्यांनी दोन्ही हात लॅपटॉपला लावून कपाळाला लावले. मग तो उचलून बाजेवर मामींजवळ बसले आणि खुरीची ओळ शोधली. बोट ठेवून, शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं वाचायला लागले.

"घरची म्हणाली, खुरी झाली तर निरगुडीचा पाला सावलीत वाळवून..."

फाट्कन चापट बसली.

मामा थांबले. माझ्याकडं बघितलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "निरगुडीचा पाला सावलीत वाळवून..."

पुन्हा चापट. मामींची मान थरथरत होती. ओठ एका बाजूला ओढले गेले. त्यांनी बाजेचं लाकूड घट्ट धरलं आणि सगळा जीव घशात आणून आवाज काढला. "ओ." मग श्वास घेतला.  "ओ... ला."

"ओला?" मामांचा आवाज फुटला. "पाला ओला? वाळवायचा नाय?"

मामींनी जोरजोरात मान हलवली. "ओला."

दिवाळीनंतर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मामा हसत होते का रडत होते, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदम चाललं होतं. "आयला, नऊ वर्षं मी चुकीचं लिवून बसलो! आन् ही बोलली ती माझी चूक काढायला!"

त्यांनी 'सावलीत वाळवून' खोडलं आणि 'ओला' लिहिलं. लोकांना दिसणाऱ्या ओळीतही 'पाला' होता तिथं 'ओला पाला' केलं. मग अपडेटच्या बटणावर बोट नेलं आणि तिथंच थांबले. "आता जाणार नाय न्हवं?"

"नाही जाणार. प्रतींची मर्यादाच काढून टाकलीय मी. दाबा तुम्ही."

त्यांनी डोळे मिटून दाबलं. उघडले. सगळं जागेवर होतं. मग जरा भीत भीतच मामींकडं वळून त्यांनी विचारलं, "अजून कुठं चुकलोय का गं मी?"

मामींनी डाव्या हातानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला बोट लावलं. म्हणजे, पहिल्यापासून वाचा.